वहीतला डीएफए नोकरीत कुठे भेटतो?

प्रश्न थोडक्यात असा: इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, 'थिअरी ऑफ कम्प्युटेशन' हा विषय. डीएफए (ठरावीक स्टेट आणि एकेक चिन्ह वाचून त्यांच्यात फिरवणारे बाण, एवढंच असलेलं यंत्र) काढून काढून वही भरली, पम्पिंग लेमा (एखादी भाषा अशा यंत्राच्या आवाक्याबाहेरची आहे हे दाखवायची युक्ती) घोकून झाला, ट्युरिंग मशीनच्या टेपवर शून्य-एक पुसून झाले. गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) द्यायची नाहीये. मग हे सगळं कामात कधी लागतं का, की पेपर झाला की विसरून जायचं?

मी वीसेक वर्षं मजकुराशी झटापट करणारं सॉफ्टवेअर लिहितोय. पार्सर (मजकुराची रचना उलगडणारा कोड), लॉग गाळणारे प्रोग्रॅम, अर्जातले रकाने तपासणारा कोड, मधली काही वर्षं देवनागरी फॉन्टचं काम. आधी कबुली देऊन टाकतो: नोकरीत मी पम्पिंग लेमा कागदावर एकदाही मांडलेला नाही. तरीही कॉलेजातला कुठला विषय सर्वांत जास्त वसूल झाला असं विचारलंत, तर मी हाच सांगेन. आणि हे उत्तर तुम्ही उघडलंत तेवढ्यात एक डीएफए तुमच्या फोनवर चालूनही गेला असणार, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

'स्थिती' हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये (संगणकात लिप्या साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत) तो सहा चिन्हांनी साठवलेला असतो: स, हलंत, थ, ऱ्हस्व इकार, त, दीर्घ ईकार. इकार थ च्या नंतर येतो. पडद्यावर मात्र तो स च्याही आधी दिसायला हवा. म्हणजे कुणीतरी तो उचलून डावीकडे न्यायचा. किती डावीकडे? अक्षर जिथे सुरू झालं तिथपर्यंत. आणि अक्षर कुठे सुरू झालं, कुठे संपलं, हे आधी कळायला हवं. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सगळ्यांत हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. तिच्या भारतीय लिप्यांच्या भागात अक्षराची व्याख्या चक्क रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा साचा सांगणारं सूत्र, थोडक्यात रेजेक्स) म्हणून लिहून ठेवली आहे, आणि रॅगेल नावाचं साधन त्यातून स्टेट मशीनचा सी कोड तयार करतं. परीक्षेत आपण हाताने करतो तेच, फक्त यंत्राकडून करून घेतलेलं.

खरी व्याख्या बरीच मोठी आहे. तिचं सोपं रूप वहीत सहज मावतं. आरंभाची स्टेट ०. व्यंजन आलं की १ मध्ये. १ मध्ये असताना हलंत आला की २ मध्ये, आणि २ मधून पुन्हा व्यंजन आलं की परत १ मध्ये. १ मधून मात्रा आली की ३. १ किंवा ३ मधून अनुस्वार आला की ४. ० सोडून सगळ्या स्टेट स्वीकाराच्या (२ सुद्धा, कारण 'अर्थात्' सारखा पाय मोडलेला शेवट चालतो). जिथे पुढचा बाण सापडत नाही तिथे अक्षर संपलं, आणि तेच चिन्ह घेऊन पुन्हा ० पासून सुरुवात.

आता 'स्थिती' चालवून बघा. स आला, १. हलंत, २. थ, १. इकार, ३. पुढे त आला, पण ३ मधून व्यंजनाचा बाण नाही. म्हणून 'स्थि' इथे तोडायचं आणि त पासून नवं अक्षर. तुकडा हाती आला की इकार त्या तुकड्याच्या तोंडाशी नेणं किरकोळ काम आहे. नुसती वेलांटी टाइप केली की तिच्या शेजारी ठिपक्यांचा गोल उमटतो, तो पाहिला असेलच. ० मधून मात्रेचा बाण नाही, ही तक्रार आहे ती. हार्फबझ अशा तुकड्याला मोडक्या अक्षराच्या खात्यात टाकतं आणि आधाराला तो गोल देतं.

यात लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे या यंत्राला काहीही आठवावं लागत नाही. दहा शब्द असोत की दहा लाख, 'मी सध्या पाचांपैकी कुठल्या स्टेटमध्ये आहे' एवढंच पुरतं, आणि प्रत्येक चिन्ह जवळजवळ एकदाच बघितलं जातं. नवीन काम समोर आलं की मी आधी हेच विचारतो: याला किती आठवण लागते? ठरावीक लागत असेल तर डीएफए. आत-आत जाणारे कंस मोजायचे असतील तर स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी निघतं अशी चळत). याहून जास्त लागत असेल तर सावध, कारण मग यंत्राबद्दल हमी देता येणाऱ्या गोष्टी झपाट्याने कमी होतात. सिलॅबसमध्ये यंत्रं चढत्या ताकदीने शिकवतात, त्यामुळे ट्युरिंग मशीन म्हणजे शिखर असं डोक्यात बसतं. कामात उलटं असतं. भागेल तेवढं दुबळं यंत्र घ्यायचं, कारण दुबळ्या यंत्राला प्रश्न विचारता येतात आणि त्यांची उत्तरं मिळतात.

हे विसरलं की काय होतं त्याचं उदाहरण रेजेक्सचं. स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात रेग्युलर सेट (म्हणजे डीएफएला ओळखता येणाऱ्या भाषा) मांडले, आणि १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी रेग्युलर एक्स्प्रेशनवरून आयबीएम ७०९४ साठी थेट मशीन कोड बनवणारी रीत छापली. त्या रीतीत एनएफएच्या (एकाच चिन्हावर अनेक बाण चालणाऱ्या यंत्राच्या) सगळ्या शक्य स्टेट एकदम सोबत घेऊन पुढे जायचं असतं, म्हणून मागे फिरावंच लागत नाही. पुढे पर्ल भाषेच्या वळणाची रेजेक्स आली. त्यांत मागच्या कंसात जे जुळलं तेच पुन्हा जुळव म्हणायची सोय होती, आणि ती रेग्युलर भाषेच्या पलीकडची. त्यासाठी इंजिन बॅकट्रॅकिंगचं झालं: एक वाट धर, अडलं की मागे ये, दुसरी धर. जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, डॉटनेट यांत आजही मुळात तेच मिळतं, तुम्ही ती सोय वापरा अगर वापरू नका.

एक छोटं रेजेक्स बघा: ^(क+)+$. अर्थ एवढाच की ओळीत फक्त क असावेत. याचा डीएफए दोन स्टेटचा, एक मिनिटात काढाल. आता त्याला तीस क आणि शेवटी एक ख अशी ओळ द्या. डीएफए ३१ चिन्हं वाचून 'नाही' म्हणतो. बॅकट्रॅकिंगवालं इंजिन आधी तीसही क एका गटात घालतं, ख वर अडतं, मागे येतं, २९ आणि १ असे गट करतं, पुन्हा अडतं, मग २८ आणि २, मग २८, १ आणि १... तीस क गटांत वाटायचे प्रकार २ चा २९ वा घात, म्हणजे ५३ कोटी ६८ लाखांहून जास्त. उत्तर तेच, 'नाही'. पायथनमध्ये खरंच चालवून बघा. क ची संख्या २० पासून एकेक वाढवत न्या, दर वेळी वेळ साधारण दुप्पट होताना दिसेल.

ही वर्गातली गंमत वाटत असेल तर २ जुलै २०१९ ची क्लाउडफ्लेअरची (बऱ्याच साइटची वाहतूक आपल्यामार्फत नेणाऱ्या कंपनीची) घटना आठवा. त्यांनी स्वतःच ती सविस्तर लिहून प्रसिद्ध केली आहे. फायरवॉलच्या एका नव्या नियमात रेजेक्सचा एक तुकडा होता: काहीही, मग पुन्हा काहीही, मग बरोबरचं चिन्ह. लागोपाठच्या दोन 'काहीही'मध्ये मजकूर वाटायचे असंख्य प्रकार. नियम जगभर एकदम गेला, सर्व्हरचे प्रोसेसर १०० टक्क्यांवर अडकले आणि इंटरनेटचा मोठा भाग २७ मिनिटं बंद पडला. त्याआधी २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांची साइट ३४ मिनिटं झोपली होती, तीही ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा कापणाऱ्या साध्या रेजेक्समुळे. कुणीतरी कोडमधल्या एका ओळीत वीस हजार स्पेस टाकल्या होत्या आणि त्यांच्यापुढे दुसरं अक्षर होतं. पहिल्या स्पेसपासून वीस हजार पावलं जाऊन अडायचं, दुसऱ्या स्पेसपासून पुन्हा तेच. बेरीज वीस कोटींच्या घरात. इथे घातांकी वाढसुद्धा नव्हती, नुसता वर्ग होता. साइट झोपवायला वर्गही पुरतो.

क्लाउडफ्लेअरने पुढे आरई-टू (गूगलचं रेजेक्स इंजिन) किंवा रस्ट भाषेच्या रेजेक्स इंजिनकडे वळायचं ठरवलं. दोन्ही ऑटोमॅटावर (डीएफए-एनएफएसारख्या यंत्रांवर) उभी आहेत, दोन्ही मागच्या कंसातलं पुन्हा जुळवायची सोय देत नाहीत, आणि म्हणूनच मजकुराच्या लांबीच्या पटीतच वेळ लागेल अशी हमी देतात. सोय सोडली आणि हमी मिळवली, असा रोकडा व्यवहार आहे. तुम्ही म्हणाल, मग सरळ डीएफएच का बनवून ठेवत नाहीत? तर परीक्षेतला तो नेहमीचा प्रश्न आठवा: शेवटून तिसरं चिन्ह १ असलेल्या स्ट्रिंगचा डीएफए काढा. आठ स्टेट येतात. 'शेवटून विसावं' म्हटलं की दहा लाखांहून जास्त. म्हणून आरई-टू डीएफए आधी पूर्ण बांधत नाही. मजकूर वाचता वाचता लागतील तेवढ्याच स्टेट बनवतं, त्या जपून ठेवतं आणि जागा भरली की पुसून टाकतं. रेबिन आणि स्कॉट यांची १९५९ ची सबसेट कन्स्ट्रक्शन (एनएफएवरून डीएफए बांधायची रीत), फक्त गरजेपुरती केलेली. व्हायवाला मी परीक्षक असतो तर हाच प्रश्न विचारला असता.

आता दुबळ्या यंत्राला प्रश्न विचारता येतात म्हणजे काय, ते माझ्याच कामातून सांगतो. एका विमा कंपनीची जुनी सिस्टिम बदलायची होती. पॉलिसी क्रमांक तपासणारं रेजेक्स जुन्या कोडमध्ये एक आणि नव्यात दुसऱ्या टीमने लिहिलेलं वेगळं. दोन्ही सारखंच काम करतात का? टेस्टिंगवाल्यांनी दहा हजार नमुने चालवून 'सारखीच आहेत' असा शेरा मारला होता. मला तो पुरेना. मी दोन्हींचे डीएफए केले, दोघांच्या स्टेटच्या जोड्या लावून एकच मोठं यंत्र बांधलं, आणि एक 'हो' म्हणतो पण दुसरा 'नाही' म्हणतो अशा जोडीपर्यंत आरंभापासून पोचता येतं का ते ब्रेड्थ-फर्स्ट सर्चने (जवळच्या स्टेट आधी बघत जाणाऱ्या शोधाने) पाहिलं. पोचता येत होतं. सर्वांत लहान वाट निघाली ती अशी: दोन अक्षरं, एक डॅश आणि पुढे काहीच नाही. जुन्या रेजेक्समध्ये आकड्यांवर + (किमान एक हवा) ऐवजी * (एकही नसला तरी चालेल) पडला होता. मग सगळं टेबल शोधलं, तर असे बिनआकड्यांचे क्रमांक खरंच निघाले. शाखेत कुणीतरी अर्ज अर्धवट ठेवून उठलेलं. नव्या सिस्टिमने ते दारातच अडवले असते आणि स्थलांतराच्या रात्री आम्ही जागे राहिलो असतो. सगळा कोड दीडशे ओळींचा होता. कॉम्प्लिमेंट, इंटरसेक्शन, एम्प्टिनेस: 'क्लोजर प्रॉपर्टीज' म्हणून जो धडा सगळे ऑप्शनला टाकतात, तोच.

हीच तपासणी दोन्ही टीमनी जावात हाताने फंक्शन लिहून केली असती, तर 'ही दोन फंक्शनं सारखी आहेत का' याला उत्तर देणारी सरसकट रीत असूच शकत नाही. प्रोग्रॅमपर्यंत जायलाही नको. दोन कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामर (स्टॅकवाल्या यंत्राला पेलणारी व्याकरणं) एकच भाषा देतात का, हेही अनिर्णेय आहे. रेजेक्स दिसायला कुरूप असेल, पण त्याला हा प्रश्न विचारता येतो.

स्टॅकवाल्या यंत्राबद्दल फार लिहीत नाही, कारण पार्सर म्हणजे तेच हे तुम्हाला कंपायलरच्या विषयात दिसेलच. एचटीएमएल रेजेक्सने फोडायचा मोह दर बॅचच्या मुलांना होतो आणि दर वेळी एकात एक टॅग आला की कोसळतो. पम्पिंग लेमा तेच सांगत होता. एक गंमत मात्र बघण्यासारखी आहे. पीएचपी भाषेचं जेसन (डेटा लिहायची एक पद्धत) वाचणारं फंक्शन मुळात ५१२ पातळ्यांच्या आत खोल जात नाही, नाहीतर कुणीही लाखभर उघडे चौकटी कंस पाठवून स्टॅक फोडेल. खोलीला अशी मर्यादा घातली की काटेकोरपणे बघता ती भाषा पुन्हा रेग्युलरच होते. पण तो डीएफए लिहायला कुणी बसणार नाही. थिअरीने 'शक्य' म्हटलेलं आणि माणसाने करण्याजोगं यांत एवढं अंतर असतं.

उलट्या बाजूचं असंच उदाहरण आपल्याकडचं आहे. आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दाखवलं की संख्या मूळ आहे का हे पॉलिनॉमियल वेळेत (म्हणजे घातांकी न वाढणाऱ्या वेळेत) नक्की सांगता येतं. जगभर नाव झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. तरी तुमच्या बँकेच्या साइटसाठी आरएसए (माहिती गुप्त ठेवायची एक पद्धत) किल्ली बनते तेव्हा मूळ संख्या शोधायला मिलर-राबिन चाचणी चालते, जिच्यात चुकीची शक्यता अगदी नगण्य पण शून्य नाही. ती कितीतरी पट वेगवान आहे, म्हणून. तसंच एनपी-कम्प्लीट (झटपट सोडवायची सरसकट रीत कुणाला सापडलेली नाही असा प्रश्न) दिसलं की हात टेकायचे असंही नाही. कुठलं पॅकेज कुठल्या आवृत्तीसोबत चालेल हे ठरवणं सर्वसाधारण रूपात एनपी-कम्प्लीट आहे, आणि फेडोरा किंवा ओपनसूसे या लिनक्सवर लिबसॉल्व्ह ही लायब्ररी ते सॅट सॉल्व्हरच्या (सगळ्या अटी एकत्र पाळता येतात का ते शोधणाऱ्या प्रोग्रॅमच्या) तंत्राने रोज काही क्षणांत सोडवते.

राहिला हॉल्टिंग प्रॉब्लेम: दिलेला प्रोग्रॅम कधीतरी थांबेल की अनंत चालत राहील हे सांगणं. विद्यार्थ्यांना हा सर्वांत निरुपयोगी वाटतो. ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये दाखवलेली अशक्यता, पुढे १९५३ मध्ये राइस यांनी ती प्रोग्रॅमच्या वागण्याबद्दलच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला लावून दाखवली. ठीक आहे, मग? मग असं, की लिनक्स कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) हा प्रश्न रोज पडतो. ईबीपीएफ या सोयीने तुम्ही स्वतःचा छोटा प्रोग्रॅम चालू कर्नलमध्ये सोडू शकता, नेटवर्कची पाकिटं गाळायला किंवा कुठे वेळ जातोय ते मोजायला. तो अनंत फिरत बसला तर मशीन गेलं. तेव्हा आत घेण्यापूर्वी तो थांबेल की नाही हे कळायला हवं, आणि तेच सरसकट कळू शकत नाही हे आपण शिकलोय.

कर्नलवाल्यांनी प्रश्नच बदलला. 'हा थांबतो का' असं विचारायचंच नाही. 'हा थांबतो हे मला दाखवता येतं का' असं विचारायचं, आणि दाखवता आलं नाही तर दार बंद. सुरुवातीला मागे उडी मारणारा बाणच मान्य नव्हता, म्हणजे लूप नाहीच, आणि ४०९६ सूचनांची मर्यादा. २०१९ मध्ये ५.२ आवृत्तीत व्हेरिफायरला (ही तपासणी करणाऱ्या भागाला) दहा लाख सूचनांपर्यंत चालून बघायची मुभा मिळाली आणि ५.३ मध्ये मर्यादित लूप आले. याची किंमत म्हणजे बरोबर असलेले प्रोग्रॅमही नाकारले जातात. मी असे दोन दिवस घालवलेत: लूप फक्त सोळा वेळा फिरणार हे मला दिसत होतं, व्हेरिफायरला दिसत नव्हतं, आणि शेवटी मोजणारा आकडा त्याला कळेल अशा जागी आणून ठेवला तेव्हा साहेब राजी झाले. सोबतच्या ज्युनियरने व्हेरिफायरमध्येच बग आहे म्हणून तक्रार लिहायला घेतली होती. बग नव्हता. एकही वाईट प्रोग्रॅम सुटायला नको असेल तर काही चांगले अडणारच. सगळे चांगले आत आणि सगळे वाईट बाहेर असा व्हेरिफायर कुणालाच लिहिता येणार नाही. मीटिंगमध्ये 'टूलने चूक एकही सोडू नये आणि खोटा इशाराही एकही देऊ नये' अशी मागणी येते, तेव्हा मी राइसचं नाव घेत नाही. दोहोंपैकी काय सोडायचं एवढंच विचारतो.

आता तुमच्यासाठी एक काम. वरचा अक्षर तोडणारा डीएफए पन्नासेक ओळींत लिहा. स्वरांसाठी आणि नुक्त्यासाठी, म्हणजे अक्षराखालच्या टिंबासाठी, बाण तुम्हीच घाला (नुक्ता १ मधून १ मध्येच परततो). मग त्याला 'दुसऱ्या' हा शब्द द्या. हा शब्द लोक तीन तऱ्हांनी टाइप करतात: ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलंत; र, नुक्ता आणि हलंत; किंवा र, हलंत आणि न दिसणारं झिरो विड्थ जॉइनर. तिसऱ्या तऱ्हेवर तुमचं यंत्र अडेल, कारण २ मधून जॉइनरचा बाण नाही. तो घाला, २ मधून २ मध्येच. आता तीनही चालतील, पडद्यावर सारखेच दिसतील, आणि तरी साध्या शोधात एकमेकांना सापडणार नाहीत. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने एक होतात, तिसरी होत नाही. ती पहिलीसारखी करायची तर बाणावर वाचायचं चिन्ह आणि लिहायचं चिन्ह असं दोन्ही ठेवावं लागतं: र दिसला की लगेच लिहायचा नाही, हलंत दिसला तरी थांबायचं, जॉइनर आला तर ऱ आणि हलंत लिहायचे, नाहीतर धरून ठेवलेलं होतं तसं सोडून द्यायचं. सिलॅबसमधलं मीली मशीनच आहे ते, फक्त एखाद्या बाणावर काहीच न लिहायची किंवा दोन-तीन चिन्हं लिहायची ढील दिलेली. किती स्टेट लागतात ते काढून बघा. माझ्या तीन झाल्या होत्या.